प्रतिभेची किंमत कोणी द्यावी?

कलावंताच्या स्वैर वर्तनाला क्षमा करण्याची संवय सुशिक्षित समाजाला फार जुनी आहे. बायरनच्या काव्यावर लुब्ध झालेल्या वाचकाला, त्याच्या पत्नीनें अवघ्या पांच आठवड्यांच्या मुलीला घेऊन १८१६ च्या जानेवारींत त्याचें घर कां सोडलें, याची फारशी चौकशी करावीशी वाटत नाहीं. कोलरिजच्या अफूविषयीं आपण हळहळतों. परंतु त्याची पत्नी आणि मुलें केझिक येथें वर्षानुवर्षें साउदीच्या आश्रयानें राहिलीं, ही हकीकत चरित्रग्रंथांत वाचून आपण पान उलटतों. प्रतिभेचा दिवा जळत असतांना तेल कोणाच्या घरचें जळतें, हा प्रश्न विचारणें अरसिकपणाचें मानलें जातें. अलेक्स रॉस पेरी या अमेरिकन दिग्दर्शकानें आपल्या ‘हर स्मेल’ या चित्रपटांत नेमका हाच अरसिक प्रश्न विचारला आहे. आणि तो विचारतांना बायरनच्या जागीं त्यानें एक स्त्री उभी केली आहे. चित्रपटाचें सारें वैशिष्ट्य आणि त्यावर होणारा वादहि या एका फेरबदलांतून निघालेला आहे.

हा चित्रपट २०१८ च्या सप्टेंबरांत टोरांटो येथील महोत्सवांत प्रथम दाखविला गेला आणि पुढील वर्षीं अमेरिकेंतील चित्रगृहांत आला. लांबी सुमारें सव्वादोन तास. विषय असा, कीं १९९० नंतरच्या दशकांत ‘समथिंग शी’ नांवाचा तीन स्त्रियांचा एक रॉक बँड कीर्तीच्या शिखरावर जाऊन आलेला आहे आणि आतां घसरणीला लागला आहे. बँडची गायिका बेकी हिनें आपलें आडनांवहि ‘समथिंग’ असें लावून घेतलें आहे. ही भूमिका एलिझाबेथ मॉस हिची. बास गिटार वाजविणारी मारी ही अॅगनेस डीन हिनें, आणि ड्रम वाजविणारी अॅली ही गेल रँकिन हिनें रंगविली आहे. चित्रपटांतील भाषा शिवराळ आहे, नशापाण्याचीं दृश्यें पुष्कळ आहेत, आणि घरांतील लहानांसह बसून पाहण्यासारखी ही कलाकृति नव्हे, हें आधींच सांगितलेलें बरें. तथापि जें ओंगळ आहे तें ओंगळच दिसावें असा येथें हेतु आहे; ओंगळपणाला मोहक करून विकण्याचा नाहीं.

ज्यांस या संगीताचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. रॉक बँड म्हणजे पुढें गायक आणि मागें साथीदार, अशी आपल्या मैफलीसारखी मांडणी नव्हे. गिटार, बास गिटार व ड्रम हीं वाद्यें. तीं वाजविणारांपैकींच कोणी तरी गाणारा. गाणीं बहुधा सर्वांनीं मिळून बसविलेलीं. स्त्रियांनीं असा बँड काढला कीं, यांना वाद्यें खरोखर वाजवितां येतात काय, हा प्रश्न लोक प्रथम विचारीत. १९७० सालीं ‘फॅनी’ या बँडचा पहिला संग्रह निघाला. १९७५ सालीं लॉस एंजलिस येथें शाळकरी वयाच्या मुलींचा ‘द रनअवेज’ निघाला. आणि १९८२ सालीं ‘द गो-गोज’ यांचा संग्रह अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हां आपलीं गाणीं आपणच लिहून आपणच वाजविणाऱ्या स्त्रियांना तो मान पहिल्यानेंच मिळाला. पुढें १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यांतील ऑलिंपिया या गांवाभोंवतीं ‘रायट गर्ल’ नांवाची चळवळ उभी राहिली. ‘बिकिनी किल’ या बँडची गायिका कॅथलीन हॅना ही श्रोत्यांतील मुलींना पुढें बोलावून घेई आणि पुरुषांना मागें सरावयास सांगे. कारण रंगमंचालगतच्या धक्काबुक्कींत मुलींना उभें राहणेंहि कठीण होतें. बेकीचा बँड या हवेंत वाढलेला दाखविला आहे. पुष्कळ समीक्षकांना बेकीमध्यें ‘होल’ या बँडची गायिका कोर्टनी लव्ह हिची छाया दिसली. तिचा ‘लिव्ह थ्रू धिस’ हा संग्रह १९९४ च्या एप्रिलांत निघाला. त्याच महिन्यांत तिचा पति कर्ट कोबेन गेला आणि जूनमध्यें बँडमधील बास वाजविणारी क्रिस्टन फॅफ हीहि गेली. या दुःखद हकीकतीची आठवण होणें साहजिक आहे. परंतु चरित्र म्हणून हा चित्रपट पाहणाराची निराशा होईल. पेरी याला एका बाईचें चरित्र सांगावयाचें नसून एका नात्याचा हिशेब मांडावयाचा आहे.

स्त्रियांच्या बँडवर यापूर्वींहि चित्रपट झाले आहेत. लू अॅड्लर याचा ‘लेडीज अँड जंटलमेन, द फॅब्युलस स्टेन्स’ (१९८२) हा त्यांतील जुना. तो त्या वेळीं नीट प्रदर्शितहि झाला नाहीं. ‘प्रे फॉर रॉक अँड रोल’ (२००३) यांत चाळिशीला आलेली गायिका, अजून यश नाहीं तर हें सोडावें काय, या विचारांत पडलेली आहे. फ्लोरिया सिजिस्मोंडी हिच्या ‘द रनअवेज’ (२०१०) मध्यें किम फाउली नांवाचा व्यवस्थापक कोवळ्या मुलींना बाजारांत कसा उभा करतो, तें दाखविलें आहे. या सर्वांचें एक साम्य असें, कीं अडथळा प्रामुख्यानें बाहेरचा आहे. लोभी व्यवस्थापक, नीच प्रियकर, वय, दारिद्र्य, पुरुषांची सत्ता. हे अडथळे खोटे आहेत असें कोण म्हणेल? पण अशा कथेंत नायिका निरपराध राहते, आणि निरपराध मनुष्याचें दुःख करुण झालें तरी शोकांतिका होत नाहीं. मॅकबेथच्या हातून खून झाला नसता तर त्याच्या पांचव्या अंकांतील एकाकीपणाला अर्थ काय उरला असता? पेरी यानें बेकीला हा मोठा मान दिला आहे, कीं तिचा नाश तिच्याच हातून होतो. कंपनीचा मालक हॉवर्ड हा सज्जन मनुष्य आहे. घटस्फोट घेतलेला पति डॅनी समंजस आहे. आई आहे, मैत्रिणी आहेत. दुष्ट असें कोणीच नाहीं, आणि तरीहि सर्वनाश होतो.

रचना पांच अंकांची आहे; हें अलंकारिक अर्थानें म्हणत नाहीं. खरोखरच पांच लांब प्रवेश, प्रत्येक जवळजवळ एकाच ठिकाणीं आणि अखंड काळांत घडणारा. दोन अंकांच्या मध्यें वर्षें निघून जातात, आणि त्या फटींत घरगुती कॅमेऱ्यानें घेतल्यासारखे जुने तुकडे दाखविले आहेत: मासिकाच्या मुखपृष्ठावर तिघींचें चित्र आलें त्या दिवसाचा आनंद, सुवर्ण-तबकडी मिळाली तेव्हांचा हशा. पहिला अंक मैफल संपल्यावर रंगमंचामागच्या खोल्यांत घडतो. दुसरा ध्वनिमुद्रणाच्या स्टूडिओंत. तिसरा पुन्हां रंगमंचामागें, आणि तेथें बेकीचा संपूर्ण कडेलोट होतो. चौथा अंक तिच्या घरीं. पांचवा कांहीं काळानंतर, हॉवर्डच्या कंपनीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांत. ज्यांचें आयुष्य नाटकें शिकविण्यांत गेलें त्यांस ही बांधणी पाहून आनंद होतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु आनंद केवळ ओळखीचा नव्हे. स्थळाची एकता येथें कोंडण्याचें साधन झाली आहे. पहिल्या तीन अंकांत खिडकी म्हणून दिसत नाहीं. अरुंद बोळ, लोंबणाऱ्या वायरी, घामट कोच, अर्धवट रिकाम्या बाटल्या, भिंतीपलीकडून येणारा गर्दीचा घुमारा. आणि शॉन प्राइस विल्यम्स याचा कॅमेरा माणसांच्या खांद्यांना घासत, बेकीच्या मागें मागें फिरत राहतो. किगन डेविट यानें या तीन अंकांखालीं एक घरघर ठेवली आहे; तिला संगीत म्हणवत नाहीं, दूरच्या यंत्राची असावी तशी ती आहे, आणि ती थांबत नाहीं. कांहीं वेळानें प्रेक्षकाच्या लक्षांत येतें कीं आपले खांदे ताठले आहेत.

रंगमंच फारच थोडा दिसतो, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या कीर्तीसाठीं हा सारा खटाटोप, ती आपणांस जवळजवळ दाखविलीच जात नाहीं. आपणांस दाखविलें जातें तें वाट पाहणें. या चित्रपटांतील मुख्य क्रिया कोणती, असें कोणीं विचारलें तर आम्ही सांगूं, कीं वाट पाहणें हीच. मारी आणि अॅली वाट पाहत आहेत. डॅनी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन वाट पाहत आहे. स्टूडिओंत हॉवर्ड घड्याळाकडे पाहत आहे. तिसऱ्या अंकांत सभागृह भरून बसलें आहे आणि बेकीचा पत्ता नाहीं. ती येते तेव्हां जणूं वादळच येतें, सर्वांना हंसविते, सर्वांचा अपमान करते, कोणाला गुरु करते, कोणाला शत्रु ठरविते, आणि पुन्हां सारे तिच्या पुढच्या लहरीची वाट पाहूं लागतात. तान्ही टामा तिच्या हातीं जाते तेव्हां खोलींतल्या प्रत्येकाच्या काळजाचा ठोका चुकतो. प्रतिभावंताच्या सान्निध्याचें वर्णन आपण बहुधा तेजाच्या आणि सुगंधाच्या भाषेंत करतों. त्या सान्निध्यांत राहणाराला तें दिवसेंदिवस कसें लागतें, हें इतक्या स्पष्टपणें सांगणारी दुसरी कलाकृति आम्हांस चटकन आठवत नाहीं.

आणि येथें बँड तिघींचा आहे, हें महत्त्वाचें. पन्नास वादकांच्या मेळ्यांतून एक गेला तर भागतें. तिघांच्या बँडमध्यें प्रत्येकाचा आवाज हा तिसरा हिस्सा असतो. ड्रम थांबला कीं गाणेंच पडलें. अॅलीचें काम म्हणजे ताल सांभाळणें, आणि तेंच तिला आयुष्यांतहि करावें लागतें. ती शिव्या देते, ओरडते, निघून जाते, आणि तिचें निघून जाणें आपणांस न्याय्य वाटतें. मारी वेगळी. ती स्वतःहि नशेच्या आहारीं गेलेली आहे, बेकीपेक्षां कमी प्रतिभेची आहे हें तिला ठाऊक आहे, आणि तरी तिच्यावरील माया सुटत नाहीं. तिचा चेहरा हा या चित्रपटांतील दुसरा मोठा अभिनय आहे. बोलणें थोडें, पाहणें फार. दुसऱ्या अंकांत जुन्या मैत्रिणी थकल्यावर हॉवर्डनें नव्यानें घेतलेल्या ‘एकरगर्ल्स’ या तरुण मुली तेथें येतात. बेकी त्यांची देवता आहे. ती त्यांना लगेच आपलेंसें करते, आणि त्या हरखून जातात. आपण मात्र पहिला अंक पाहिलेला असतो. त्या मुलींचे आनंदानें फुललेले चेहरे पाहून आपणांस वाटणारी भीति हें दिग्दर्शकाचें फार शांतपणें साधलेलें यश आहे.

पैशाची बाजूहि दृष्टीआड केलेली नाहीं. अशा लहान कंपन्यांचा व्यवहार ज्यांनीं जवळून पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, कीं कंपनी बँडला जी आगाऊ रक्कम देते ती बक्षीस नसते. विक्रींतील बँडच्या हिश्श्यांतून ती वळती करून घ्यावयाची असते. स्टूडिओचें भाडें चालूच राहतें, मग गाणें होवो वा न होवो. बेकी एक दिवस लहरींत घालविते तेव्हां तो दिवस दोन खात्यांवर चढतो: एक हॉवर्डच्या, दुसरें तिघींच्या. एरिक स्टोल्ट्झ यानें हॉवर्ड फार संयमानें केला आहे. त्याला बेकीची प्रतिभा खरोखर कळते, आणि ती कळते म्हणूनच तो बुडत चालला आहे. प्रकाशक, नाटक कंपनीचे मालक, मासिकांचे संपादक यांच्यांत अशी माणसें सर्व देशांत होऊन गेलीं. त्यांचीं चरित्रें सहसा कोणी लिहीत नाहीं.

मराठी वाचकाला येथें ‘एकच प्याला’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेंहि पांच अंकांचें. तेथेंहि बुद्धिमान मनुष्य व्यसनानें स्वतःचा आणि घराचा नाश करतो, आणि आघात अखेर तान्ह्या लेकरापर्यंत पोंचतो. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं तें रंगभूमीवर आलें, आणि बालगंधर्वांची सिंधु पाहून प्रेक्षकांच्या पिढ्या रडल्या. पण त्या अश्रूंचें स्वरूप तपासून पाहिलें पाहिजे. सिंधु हिशेब ठेवीत नाहीं. ती देत राहते, आणि तिच्या त्या अमर्याद देण्यानें सुधाकराचा अपराध एकीकडे भयंकर होतो, तर दुसरीकडे पवित्र होऊन जातो. ज्याच्यासाठीं अशी देवता झिजली तो पुरुष क्षुद्र कसा असेल, असें प्रेक्षकाचें मन नकळत म्हणूं लागतें. ‘हर स्मेल’ मध्यें सिंधु नाहीं. जीं माणसें पोळलीं आहेत तीं साधु नाहींत. तीं चिडतात, सोडून जातात, दुसरा संसार थाटतात, वकिलाकडे जातात. डॅनी मुलीला संभाळतो. पण बेकीच्या उद्धारासाठीं आयुष्य जाळून घेण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाहीं. त्यामुळें बेकीचा अपराध कोणाच्याहि त्यागानें धुऊन निघत नाहीं. तो जसाच्या तसा राहतो, व्यवहारांतल्या देण्यासारखा. गडकऱ्यांचें नाटक काव्य म्हणून श्रेष्ठ आहे, याविषयीं दुमत नसावें. परंतु व्यसनी माणसाच्या भोंवतालच्या माणसांविषयीं अधिक खरें बोलणारी कृति कोणती, असा प्रश्न आल्यास आमचें मत या अमेरिकन चित्रपटाच्या बाजूनें पडेल.

एलिझाबेथ मॉस हिच्या अभिनयाविषयीं काय लिहावें? ‘मॅड मेन’ या मालिकेंत मिटल्या ओठांची, आंतल्या आंत निश्चय करणारी पेगी तिनें वर्षानुवर्षें रंगविली होती. तीच अभिनेत्री येथें काजळ ओघळलेल्या चेहऱ्यानें, एका वाक्यांत तीन सोंगें घेत फिरते. बेकीचें बोलणें साधें नाहीं. त्यांत यमकें आहेत, शब्दांच्या कोट्या आहेत, शाप आहेत, आशीर्वाद आहेत. शेक्सपिअरचे विदूषक आणि वेडे जसे अर्थाच्या कडेवरून चालत बोलतात तसें तें आहे. दुर्बळ नटीच्या तोंडीं हें सारें पाठ केलेलें वाटलें असतें. मॉस हिच्या तोंडीं तें भीतीमुळें सुचत असलेलें वाटतें. थांबलें तर खोलींत शांतता होईल, आणि शांततेंत कोणी तरी खरें बोलेल, ही ती भीति. एवढें कळलें कीं बेकीचा राग येणें थांबत नाहीं, परंतु रागाबरोबर दुसरेंहि कांहीं वाटूं लागतें.

दोषहि आहेत, आणि ते लहान नाहींत. तिसरा अंक फार लांबला आहे. दुसऱ्या अंकाअखेर जें समजलें तेंच अधिक मोठ्या आवाजांत पुन्हां सांगितलें जातें, आणि फुटक्या बाटलीपर्यंत प्रकरण जातें तेव्हां भयापेक्षां शीण अधिक वाटतो. बेकीनें पदरीं ठेवलेला मांत्रिक हें पात्र व्यंगचित्राच्या पातळीवरच राहिलें आहे. पौर्वात्य किंवा आफ्रिकन विधींचा असा ढोबळ उपयोग पाश्चात्य लेखकांनीं आतां सोडावा हें बरें. आईच्या भूमिकेंत व्हर्जिनिया मॅडसन हिच्यासारखी अभिनेत्री असून तिला पुरेसें काम नाहीं. घरांतील जुन्या जखमेचा उल्लेख होतो, पण तो स्पष्टीकरणालाहि पुरत नाहीं आणि गूढ राहण्याइतका मोघमहि नाहीं. बेकीची प्रतिस्पर्धी गायिका झेल्डा ही तर केवळ प्रसंगापुरती येते. शिवाय एक मूलभूत अडचण आहे. बेकी प्रतिभावान् आहे यावर आपला विश्वास बसावा लागतो, आणि तिचीं म्हणून जीं गाणीं ऐकूं येतात तीं चांगलीं असलीं, तरी ज्यांच्यासाठीं एवढीं माणसें एवढें सोसतील अशीं आहेत काय? आम्हांस शंका आहे. चित्रपटाचा आरंभ ‘समथिंग शी’ च्या मैफलींतील ज्या गाण्यानें होतो तें ‘द ओन्ली वन्स’ या इंग्रजी बँडचें १९७८ चें गाणें आहे. आणि ज्या गाण्यानें चित्रपट हृदयाला हात घालतो, त्याकडे आतां येतों, तेंहि उसनेंच आहे. हें योगायोगानें झालें असेल असें वाटत नाहीं. पण मग बेकीचें स्वतःचें असें काय, हा प्रश्न उरतो.

याहून गंभीर आक्षेप दुसरा. पुरुष कलावंताचा उन्माद दाखविला कीं तो बंडखोर ठरतो, आणि स्त्रीचा दाखविला कीं ती वेडी ठरते. त्यांतून येथें ती आईहि आहे, तेव्हां तिला दुप्पट शिक्षा. एका पुरुष दिग्दर्शकानें पुन्हां तेंच चित्र काढावें काय? आक्षेप वजनदार आहे, आणि तो हंसून बाजूला सारणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. डॅनीच्या जागीं पत्नी असती आणि बेकीच्या जागीं पुरुष, तर तान्हें मूल पाहून आपला श्वास इतका अडखळला असता काय? बहुधा नाहीं, आणि त्याची लाज आपणांस वाटली पाहिजे. मात्र उपाय कोणता? स्त्री कलावंतालाहि बायरनसारखी सरसकट माफी द्यावी, हा एक. बायरनकडूनहि हिशेब मागावा, हा दुसरा. पेरी याचा कल दुसऱ्या उपायाकडे आहे असें आम्हांस वाटतें. कारण बेकीची निंदा करणारें, तिला आदर्श मातेच्या मापानें मोजणारें एकहि पात्र त्यानें ठेवलेलें नाहीं. तिच्याकडे जें मागितलें जातें तें कोणत्याहि सहकाऱ्याकडे मागतात तेंच आहे: वेळेवर ये, शुद्धीवर ये, दुसऱ्याच्या श्रमाला आपल्या श्रमाइतकी किंमत दे. ही मागणी स्त्रीत्वाच्या नांवानें केलेली नाहीं. कामाच्या नांवानें केलेली आहे.

चौथा अंक सुरू होतो आणि घरघर थांबते. एवढ्यानेंच प्रेक्षकाला प्रथम जाणवतें, कीं ती किती वेळ चालू होती. दिवसाचा उजेड आहे. कॅमेरा स्थिर आहे. बेकीनें वर्षाहून अधिक काळ नशेला स्पर्श केलेला नाहीं; ती घराबाहेर फारशी पडत नाहीं, कज्जे निस्तरते आहे, आणि हळू आवाजांत, शब्द तपासून तपासून बोलते. मारी भेटीला येते. दोघींच्या बोलण्यांत मोठे पश्चात्ताप नाहींत, क्षमेचीं भाषणें नाहींत. जी बाई सतत बोलत होती ती आतां समोरच्या माणसाचें वाक्य पुरें होण्याची वाट पाहते, एवढा फरक. वाट पाहण्याची पाळी आतां तिची आहे. मग डॅनी टामाला घेऊन येतो. मुलगी आतां बोलण्याचालण्याइतकी मोठी झालेली. तिच्यासाठीं बेकी पियानोपाशीं बसते आणि ब्रायन अॅडम्स याचें ‘हेवन’ हें गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणते. हें गाणें १९८५ सालीं अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर होतें. सरळ, गोड, लग्नसमारंभांत वाजावें असें. बेकीच्या पिढींतल्या बंडखोर मुलींनीं त्याची टवाळीच केली असती. तेंच ती निवडते, आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाहीं, कोठेंहि तोडीत नाहीं. आवाज कापतो, एकदोनदां बोट अडखळल्यासारखें होतें. ऐकणारी एकच, आणि तिला आईची कीर्ति ठाऊक नाहीं. या तीनचार मिनिटांसाठींच मागचा सारा गोंगाट होता, असें कोणी म्हणेल तर तो अतिशयोक्ति करील. तरी तो फारसा चुकणार नाहीं.

कमी कुवतीच्या दिग्दर्शकानें चित्रपट येथेंच संपविला असता. आई सुधारली, मुलगी भेटली, प्रेक्षक डोळे पुसत घरीं गेले. पेरी पांचवा अंक लिहितो. कारण मुलीचें देणें फेडण्यास आरंभ झाला असला, तरी बँडचें देणें तसेंच आहे. हॉवर्डच्या कंपनीचा वर्धापनदिन आहे, जुनीं माणसें जमलीं आहेत, एकरगर्ल्सहि आहेत, आणि ‘समथिंग शी’ नें पुन्हां एकदां वाजवावें असें ठरलें आहे. पुन्हां तोच रंगमंचामागचा भाग, तेच बोळ. बेकी क्षणभर दृष्टीआड झाली कीं सर्वांच्या नजरा एकमेकांना भेटतात. आणि प्रेक्षकहि त्यांतलाच एक झालेला असल्यामुळें त्यालाहि तीच शंका येते. सुधारलेल्या माणसाला आपल्या सुधारणेपेक्षां इतरांच्या आठवणीचा भार अधिक असतो, हें या अंकांत कोणी बोलून दाखवीत नाहीं. अॅली समोर येते तेव्हां दोघींच्या मध्यें जी अर्ध्या पावलाची जागा राहते, ती पाहावी.

मग त्या वाजवितात. कसें वाजवितात याविषयीं मतभेद होईल. आम्हांस तें थोडें सावध वाटलें, आणि सावध असणेंच योग्य वाटलें. गाणें संपतें. बाहेर श्रोते आणखी एकदां म्हणून ओरडत आहेत, पाय आपटीत आहेत. पहिल्या अंकांत हाच आवाज बेकीचें अन्न होतें. ती आंत येते, मुलीला जवळ घेते, आणि परत जात नाहीं. बाहेरचा गलका चालूच राहतो.